टॉवेलचा रंग उतरल्याचा ठपका माझ्यावर आला. २२ वर्षांचे नाव कसे सावरावे?

रंगमास्तर (प्रश्न)

नमस्कार. मी सोलापुरात गेली २२ वर्षे सुताच्या रंगाईचे काम करतो आणि अक्कलकोट रोड औद्योगिक वसाहतीतील तीन डाइंगमध्ये, म्हणजे सूत रंगवण्याच्या कारखान्यांत, मास्तर म्हणून जातो. वडील पूर्व भागातल्या एका कारखान्यात माग चालवीत होते, आईने आयुष्यभर विड्या वळल्या, आणि मला एका जुन्या मास्तरांनी पोरवयात हाताशी घेऊन सोडा, मीठ आणि वाफ यांचा हिशोब शिकवला. आमच्या धंद्यात काम मिळते ते नावावर. अमुक मास्तराच्या हातची शेड दुसऱ्या लॉटलाही तशीच येते, एवढे चार कारखानदारांनी एकमेकांना सांगितले की ते पुरते. माझे ते नाव गेल्या तीन महिन्यांत गेले आहे आणि ते माझ्या चुकीने गेलेले नाही, अशी माझी खात्री आहे.

दिवाळीच्या सुमारास मी एका टॉवेल कारखानदारासाठी ४०० किलो सूत मरून रंगात, रिअ‍ॅक्टिव्ह रंग वापरून, करून दिले. टॉवेलचे पाइल, म्हणजे अंगावरचे धाग्यांचे फासे, मरून आणि दोन्ही टोकांच्या किनारी पांढऱ्या, असा तो माल होता. दीड महिन्याने परराज्यातल्या गिऱ्हाइकाने माल परत पाठवला, कारण धुतल्यावर पांढरी किनार गुलाबी होत होती. कारखानदाराने मला बोलावले नाही, विचारले नाही. त्याच संध्याकाळी कारखानदारांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्याने डागाळलेल्या टॉवेलचा फोटो टाकला आणि खाली माझे नाव लिहून, या मास्तराच्या हातचा माल घेतला तर असे नुकसान होते, सर्वांनी सावध राहावे, असे कळवले. तो संदेश किती ठिकाणी पुढे गेला ते मला कळायला मार्ग नाही, पण चौथ्या दिवशी माझ्या मेव्हण्याने तो मला हैदराबादहून पाठवला.

तीनपैकी दोन डाइंगनी मला बोलावणे बंद केले. कोणीही तोंडावर काही म्हणाले नाही. सध्या लॉट कमी आहेत, पुढच्या महिन्यात बघू, अशी उत्तरे मिळतात, आणि त्याच डाइंगच्या गेटवर सुताचे टेंपो उभे असलेले मला जाता-येता दिसतात. कन्ना चौकातल्या ज्या टपरीवर मी रोज सकाळी चहा घेतो, तेथे मी पोहोचलो की चालू असलेले बोलणे थांबते. संक्रांतीला सिद्धरामेश्वरांच्या नंदीध्वजांच्या मिरवणुकीत मी लहानपणापासून बाराबंदी घालून चालत आलो आहे. यंदा बायकोने धुऊन ठेवलेल्या बाराबंदीची घडी मी मोडली नाही, कारण चार ओळखीच्या माणसांनी विचारले तर काय सांगावे, हे मला सुचत नव्हते.

ग्रुपवर उत्तर लिहावे, तर भांडण वाढेल असे वाटते. गप्प बसावे, तर गप्प बसणे म्हणजे कबुली, असा अर्थ लोक घेतात. अब्रुनुकसानीचा दावा करावा, असे एक मित्र म्हणतो. रात्री झोप लागत नाही. या प्रसंगातून गेलेल्या किंवा या कामाची माहिती असलेल्या लोकांनी मार्ग सुचवावा, ही विनंती.

निवृत्त रसायनज्ञ

मास्तर, तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. मी वस्त्र प्रक्रियेच्या प्रयोगशाळेत नोकरी करून निवृत्त झालो आहे, म्हणून प्रथम रंगाविषयीच बोलतो. माल काय सांगतो हे कळल्याशिवाय माणसांशी काय बोलायचे ते ठरवता येणार नाही.

रिअ‍ॅक्टिव्ह रंगाचा जो भाग कापसाशी रासायनिक बंधाने जोडला जातो, तो साध्या धुण्याने सुटत नाही. सुटतो तो पाण्याशीच अभिक्रिया होऊन वाया गेलेला आणि सुतात नुसता अडकून राहिलेला भाग, आणि तो काढण्यासाठीच आपण उकळीच्या जवळच्या तापमानाला सोपिंग, म्हणजे साबणाच्या पाण्यात धुलाई, करतो. सोपिंग अपुरे झाले, किंवा पाणी जड असले, तर हा अडकलेला रंग पुरता निघत नाही. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्याचा अनुभव तुम्हाला वेगळा सांगायला नको. मरून, नेव्ही अशा गडद शेडमध्ये त्याचे प्रमाण अर्थातच जास्त असते.

परंतु हा दोष सबंध लॉटमध्ये साधारण सारखा दिसतो. एका भांड्यात, एका द्रावणात निघालेले सूत थोडे येथे पक्के आणि थोडे तेथे कच्चे, असे सहसा होत नाही. म्हणून मला त्या फोटोविषयी नेमके विचारायचे आहे. गुलाबी डाग किनारीवर सलग आहे की तुटक? तुटक असेल, तर किती अंतराने? टॉवेल कसा वाळवला होता?

हे विचारण्याचे कारण असे की पाइलच्या बीमवर, म्हणजे मागाला उभे सूत पुरवणाऱ्या रुळावर, दोन वेगवेगळ्या लॉटचे कोन (सुताच्या गुंडाळ्या) लागले आणि त्यांतले एक सूत कच्च्या रंगाचे असले, तर टॉवेलमध्ये त्याचे उभे पट्टे पडतात. कोरडा असताना ते डोळ्यांना दिसतीलच असे नाही. ओला टॉवेल दोरीवर उभा टांगला की मात्र त्या पट्ट्यांतले रंगाचे पाणी खाली उतरते आणि खालच्या पांढऱ्या किनारीवर ठराविक अंतराने ओघळ उमटतात. सबंध लॉट कच्चा असता, तर ओघळांच्या मधली किनार स्वच्छ राहिली नसती.

दुसरे असे की तुमच्याकडे त्या लॉटचा नमुना असला, तर तो कोणालाही हात लावू देऊ नका. परत आलेले दोन टॉवेल मिळवा. आयएसओ १०५ मालिकेतील सी०६ ही धुलाईची चाचणी आहे; तीत नमुन्याला पांढरे कापड शिवून धुतात आणि त्या कापडाला किती रंग लागला हे १ ते ५ अशा करड्या पट्टीवर मोजतात. ५ म्हणजे डाग नाही, १ म्हणजे भरपूर डाग. तुमचा नमुना आणि टॉवेलमधले ओघळाच्या रेषेतले सूत, असे दोन्ही वेगवेगळे तपासून घ्या. वस्त्रोद्योग मंत्रालयाच्या वस्त्र समितीची प्रयोगशाळा मुंबईत आहे, आणि तेथील अहवालाला धंद्यात मान आहे. टॉवेलमधल्या सुताचा रंग कोणत्या वर्गाचा आहे, हेही विचारा. डायरेक्ट रंग, म्हणजे कापसाशी रासायनिक बंधाने न जोडला जाणारा रंग, पाणी मिसळलेल्या डायमिथिल फॉर्ममाइड या द्रावकात उकळला की सुटून येतो, नीट जोडला गेलेला रिअ‍ॅक्टिव्ह रंग तसा सुटत नाही; हा फरक लपवता येत नाही.

अहवाल हातात येईपर्यंत ग्रुपवर एक अक्षरही लिहू नका.

पूर्वभागकर

मी स्वतः छोटा टॉवेल कारखानदार आहे. तो संदेश माझ्यापर्यंतही कुठून तरी आला असण्याची शक्यता आहे, कारण असे संदेश दर महिन्याला येतात. मास्तर, कारखानदाराच्या बाजूने काय घडते ते मी मोकळेपणाने सांगतो. त्यात समर्थन करण्याचा हेतू नाही. तुम्ही ज्या लोकांकडे जाणार आहात, त्यांच्या मनात काय चालते हे तुम्हाला कळलेले बरे.

असा संदेश वाचून मास्तर वाईट आहे, असे आमच्यापैकी बहुतेकांना वाटत नाही. आम्हाला एवढेच वाटते की ४०० किलो सुतात पैसे अडकवायचे आहेत, गिऱ्हाइकाची तारीख ठरलेली आहे, आणि शहरात दुसरे मास्तर आहेत. न बोलावण्याला काही खर्च येत नाही. खरे-खोटे शोधायला मात्र वेळ लागतो आणि कोणाचे तरी वाईट व्हावे लागते. म्हणून आम्ही पुढच्या महिन्यात बघू म्हणतो आणि तो महिना येत नाही. मी हे एका जॉबरच्या, म्हणजे मागांची देखरेख पाहणाऱ्या माणसाच्या, बाबतीत केलेले आहे. दोन वर्षांनी त्याची काही चूक नव्हती असे कळले, तेव्हा तो भिवंडीला निघून गेला होता. त्याला मी फोन केला नाही, याची खंत मला आजही आहे.

तेव्हा माझा सल्ला असा, की आमच्याकडे विश्वास मागायला येऊ नका, कारण विश्वास ठेवतो असे म्हणायला कोणालाही काही लागत नाही आणि त्याने तुमची चूल पेटत नाही. लहान लॉट मागा. ५० किलो द्या, धुलाईची चाचणी माझ्या समोर होऊ द्या, चाचणीत उतरला नाही तर मजुरी देऊ नका, असे म्हणा. अशा बोलण्याला नाही म्हणणे कारखानदाराला अवघड जाते. आणि सर्वांकडे जाऊ नका. ज्या दोघा-तिघांच्या शब्दावर बाकीचे चालतात, ते कोण हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक असेल.

वकील, सोलापूर

मी जिल्हा न्यायालयात वकिली करतो. मित्राने सुचवलेल्या दाव्याविषयी आपण विचारले आहे, म्हणून कायद्याची बाजू मांडतो. कागदपत्रे पाहिल्याशिवाय यापेक्षा जास्त बोलणे योग्य होणार नाही.

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे आणि तिच्या कलम ३५६ मध्ये बदनामीचा गुन्हा येतो. दोन वर्षांपर्यंत साधा कारावास, दंड, दोन्ही, किंवा सामुदायिक सेवा, अशी शिक्षा आहे. पोलीस हा गुन्हा आपणहून नोंदवून तपास करीत नाहीत, बाधित व्यक्तीला दंडाधिकाऱ्यांकडे स्वतः फिर्याद द्यावी लागते. नुकसानभरपाईचा दिवाणी दावा हा वेगळा मार्ग आहे, आणि त्याची मुदत १९६३ च्या मुदत कायद्यानुसार अवघी एक वर्ष आहे. तीन महिने गेले आहेत. ही तारीख डायरीत लिहून ठेवा, कारण आधी समजुतीने बघू असे म्हणता म्हणता वर्ष उलटून गेलेली माणसे माझ्याकडे येत असतात.

आता ज्या मुद्द्यावर आपले प्रकरण खरोखर उभे राहील किंवा पडेल, तो सांगतो. कलम ३५६ ला अपवाद आहेत. एखाद्याने आपल्या किंवा इतरांच्या हितरक्षणासाठी सद्भावाने आरोप केला, किंवा ज्यांना सांगितले त्यांच्या भल्यासाठी सावधगिरीची सूचना दिली, तर ती बदनामी ठरत नाही. सावध राहावे, असे आपल्या कारखानदाराने लिहिले आहे. त्याचा वकील नेमका याच अपवादाचा आधार घेईल. परंतु कायद्यात सद्भाव म्हणजे नुसते मन साफ असणे नव्हे. योग्य ती दक्षता आणि काळजी घेऊन केलेली गोष्टच सद्भावाची मानली जाते. त्याने आपल्याला विचारले नाही, मालाची चाचणी केली नाही, हे आपल्या बाजूचे आहे. आणि चाचणीचा अहवाल पोचपावतीच्या टपालाने त्याच्या हाती पडल्यानंतरही त्याने तेच विधान पुन्हा केले, किंवा मागे घेण्यास नकार दिला, तर सद्भावाचा बचाव त्याला फार जड जाईल. म्हणून रसायनज्ञांनी सांगितलेला क्रम कायद्याच्या दृष्टीनेही बरोबर आहे: आधी अहवाल, मग नोटीस, आणि दावा करायचाच असेल तर त्यानंतर.

पुराव्याविषयी दोन गोष्टी. मेव्हण्याने पाठवलेला, फॉरवर्ड होत आलेला संदेश पुरेसा नाही. मूळ ग्रुपमधील एखाद्या सदस्याच्या फोनवर तो तारीख, वेळ आणि पाठवणाऱ्याच्या क्रमांकासह असेल, तर तो जतन व्हायला हवा, आणि न्यायालयात तो भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालील प्रमाणपत्रासह द्यावा लागतो. ग्रुपच्या अ‍ॅडमिनला ओढण्याचा विचार असेल, तर तो सोडा. सदस्याच्या मजकुरासाठी केवळ अ‍ॅडमिन असल्याच्या कारणावरून कोणाला फौजदारीत जबाबदार धरता येत नाही, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये दिला आहे.

एक गोष्ट वकील म्हणून नव्हे, तर येथे राहणारा माणूस म्हणून सांगतो. फिर्यादीला वर्षे लागतात, आणि त्या वर्षांत आपले नाव त्याच आरोपाच्या शेजारी पुन्हा पुन्हा उच्चारले जाते. आपल्याला निकाल हवा आहे की काम हवे आहे, याचे उत्तर मनाशी आधी ठरवा.

रंगमास्तर

सर्वांचे आभार. रसायनज्ञ सरांनी विचारले म्हणून फोटो मोठा करून पाहिला. टॉवेल दोरीवर उभाच टांगलेला आहे. खालच्या किनारीवर गुलाबी ओघळ आहेत, मध्ये चार-चार बोटे किनार पांढरी स्वच्छ आहे, आणि पुन्हा ओघळ. तीन महिने हा फोटो माझ्या खिशात होता, आणि मी त्यात फक्त माझे नाव वाचत होतो.

वॉर्पिंगवर, म्हणजे कोनांवरचे सूत बीमवर गुंडाळण्याच्या खात्यात, काम करणाऱ्या एका ओळखीच्या मुलाला विचारले. सूत कमी पडले म्हणून साधारण ६० किलोचे कोन दुसरीकडून आणले होते, असे त्याने सांगितले आणि लगेच, माझे नाव घेऊ नका, असे हात जोडून म्हणाला.

आणखी एक गोष्ट मी प्रश्नात लिहिली नव्हती. त्या लॉटचे पहिले सोपिंग ९५ अंशाला झाले. दुसऱ्याच्या वेळी बॉयलरची वाफ उतरली, पारा ७० च्या वर चढेना, मालक घाईला आले होते, आणि मी ते तसेच उरकले. लॉटच्या कार्डावर मात्र मी दोन्ही वेळा ९५ लिहिले आहे आणि खाली माझी सही आहे. माझ्या नमुन्यांच्या वहीत त्या लॉटची लडी आहे. ती तपासायला पाठवायची हिंमत होत नाही.

निवृत्त रसायनज्ञ

मास्तर, हे लिहिलेत ते फार बरे केलेत, आणि आता मी कठोर बोलणार आहे.

दुसरे सोपिंग ७० अंशाला झाले, ही अडचण होती. कार्डावर ९५ लिहिले, ही चूक आहे आणि ती तुमची आहे. त्या कार्डावर आता खाडाखोड करू नका, ते हरवूही नका. पण ही चूक आणि तुमच्यावर झालेला आरोप या एकच गोष्टी नव्हेत. पहिले सोपिंग नीट झाले असेल, तर तुमच्या सुताला थोडा रंग सुटेल. किनारीवर ओघळ येतील इतका सुटेल, असे मला वाटत नाही. वाटण्याला किंमत नाही, म्हणून लडी पाठवा. आकडा काय यायचा तो येईल, आणि जो येईल तो तुम्ही स्वतः, कोणी विचारण्याआधी सांगायचा, कार्डासकट. झोप न लागण्याचे अर्धे कारण ते कार्ड असावे, असे मला तुमच्या लिहिण्यावरून वाटते.

त्या मुलाचे नाव कोठेही घेऊ नका. सूत दोन प्रकारचे आहे, हे सूतच सांगेल.

परिचारिका

मास्तरदादा, मी होटगी रोडवरच्या एका रुग्णालयात परिचारिका होते. माझे क्षेत्र वेगळे आहे, पण पुढच्या महिन्यात बघू हे शब्द मी ऐकलेले आहेत.

एका रात्रपाळीत रुग्णाला चुकीच्या मात्रेत इंजेक्शन गेले आणि ते मी दिले, असा बोभाटा झाला. त्या वेळी मी दुसऱ्या मजल्यावर होते आणि औषधाच्या नोंदवहीत सही माझी नव्हती. चौकशीत ते सात महिन्यांनी स्पष्ट झाले आणि माझ्या हातात एका ओळीचे पत्र पडले. ज्या दिवशी आरोप झाला, त्या दिवशी तो संध्याकाळपर्यंत सगळ्या वॉर्डांत, रिक्षा स्टँडवर आणि आमच्या गल्लीतही पोहोचला होता. पत्र मात्र माझ्या पिशवीत राहिले. ते मोठ्याने वाचून दाखवायला कोणी येणार नाही, हे कळायला मला बराच काळ लागला.

मग एका रविवारी मी वहीत नावे लिहिली. ज्यांनी माझ्याविषयी खोटे मानले तर माझ्या पोटावर किंवा माझ्या जिवावर येते, अशी माणसे किती? मला वाटत होते सारे सोलापूर. नावे निघाली अकरा. त्यांत दोन डॉक्टर होते, जुन्या मेट्रन होत्या, माझ्या नणंदबाई होत्या, आणि दहावीतली माझी मुलगी होती, जिला शाळेत कोणीतरी विचारले होते आणि तिने ते मला सांगितले नव्हते. त्या अकरा जणांकडे मी एकेक करून गेले. पत्र समोर ठेवले, काय घडले ते पाच मिनिटांत सांगितले, आणि ज्यांच्यामुळे घडले त्यांच्याविषयी एक शब्दही काढला नाही. हे शेवटचे सर्वांत कठीण होते, कारण तोंडाशी आलेले बोलणे गिळावे लागते. पण मी दुसऱ्याकडे बोट दाखवले की समोरचा माणूस लगेच तिसऱ्या बाजूने विचार करू लागतो, हे मी पहिल्याच भेटीत पाहिले आणि नंतर सावध झाले. अकरापैकी आठ जणांनी ऐकून घेतले. मेट्रनबाईंनी दुसऱ्याच आठवड्यात मला दुसऱ्या रुग्णालयात शब्द टाकून लावून दिले. तिघांनी ऐकले नाही. नणंदबाई त्या तिघांत आहेत, आणि आम्ही सणावाराला एकत्र जेवतो.

तुमची लडी पाठवायची हिंमत होत नाही हे वाचून मला वाईट वाटले, कारण तुम्ही एकटेच आहात असे त्यातून दिसते. वहिनींना ते कार्ड दाखवले आहे का? नसेल तर आधी त्यांना दाखवा. आणि झोप अशीच उडत राहिली, तर १४४१६ या टेली-मानसच्या, म्हणजे मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीच्या, क्रमांकावर फोन करा. तो केंद्र सरकारचा आहे, दिवसरात्र चालू असतो आणि मराठीत बोलता येते. मी त्या काळात तज्ज्ञांकडे गेले होते. त्याने माझे नाव परत आले नाही, पण भेटायला जाताना माझा आवाज कापायचा थांबला.

रंगमास्तर

पाच आठवड्यांनी लिहीत आहे, उशिराबद्दल क्षमस्व.

ताईंच्या सांगण्यावरून कार्ड बायकोला दाखवले. ती बराच वेळ काही बोलली नाही आणि मग म्हणाली, हे तुम्ही मला पहिल्या दिवशी सांगितले असते, तर संक्रांतीला मी तुम्हाला घरात बसू दिले नसते. दुसऱ्या दिवशी लडी पाकिटात घालून तिनेच टेपने बंद केली. परत आलेले टॉवेल कारखानदाराने दिले नाहीत. गिऱ्हाइकाच्या एजंटाकडे विनंती केल्यावर त्यांच्याकडून दोन मिळाले.

अहवाल आला आहे. माझ्या लडीचा कापसावरील डागाचा आकडा ३-४ आहे. टॉवेलमधल्या ओघळाच्या रेषेतल्या सुताचा १-२ आहे आणि तो रंग डायरेक्ट वर्गाचा आहे, असे लेखी दिले आहे. गिऱ्हाइकाची मागणी किमान ४ ची होती. म्हणजे माझे सूतही मागणीला करड्या पट्टीवर अर्ध्या पायरीने कमी पडले. ही अर्धी पायरी दुसऱ्या सोपिंगची आहे, असे मी मानतो.

वकीलसाहेबांच्या मदतीने कारखानदाराला अहवालाची प्रत आणि पत्र पोचपावतीच्या टपालाने पाठवले. पत्रात कार्डावरच्या ९५ विषयी मीच लिहिले. ते वगळावे असे वकीलसाहेबांचे मत होते, पण मी आग्रह धरला. पंधरा दिवसांनी ग्रुपवर त्याची एक ओळ आली: मरून मालाचा विषय मिटला आहे. माझे नाव घालताना होते, काढताना नव्हते. त्या रात्री मला फार राग आला आणि दावा करायचाच असे मी ठरवले होते. वर्षाची मुदत अजून शिल्लक आहे आणि तारीख डायरीत आहे. तो निर्णय मी अजून केलेला नाही.

माझ्या वहीत पाच नावे निघाली. पाचही जणांकडे अहवाल, कार्ड आणि उरलेल्या लडीचा तुकडा घेऊन गेलो. पहिल्या घरी, साखर पेठेत, माझा गळा दाटून आला आणि नीट बोलता आले नाही. दुसऱ्या ठिकाणी जमले. तिसऱ्या कारखानदारांनी, जे वयाने मोठे आहेत आणि ज्यांना सगळे अण्णा म्हणतात, अहवाल बाजूला ठेवला आणि कार्डच हातात घेऊन बराच वेळ पाहिले. ७० ला ९५ लिहिणारे मास्तर मला पुष्कळ माहीत आहेत, पण ते दाखवायला घरी आलेला पाहिला नव्हता, असे म्हणाले. मग त्यांनी मुलाला हाक मारून गोदामात मरून करायचे सूत किती आहे ते विचारले.

पूर्वभागकरांनी सांगितले होते तसे मी ५० किलोच मागितले. अण्णांच्या डाइंगमध्ये उद्या सकाळी सहाला बॉयलर पेटणार आहे, आणि दुसऱ्या सोपिंगच्या वेळी पारा त्यांनी स्वतः वाचून कार्डावर आकडा त्यांच्याच हाताने लिहावा, ही माझी अट त्यांनी मान्य केली आहे.